पॅकेज छापता, काम का नाही?

महोदय,

निकाल आणि प्लेसमेंटचा हंगाम आला की एकाच साच्यातल्या बातम्या सुरू होतात: अमुक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला तमुक लाखांचे पॅकेज. आमच्या एसटी स्टँडसमोर क्लासवाल्यांचे फ्लेक्स झळकतात. मुलांचे चेहरे आणि प्रत्येक चेहऱ्याखाली आकडा. ही मुले नेमके काय काम करणार, हे ना फ्लेक्सवर असते ना बातमीत. मी शाळेत असताना दहावीचा निकाल हातात घेऊन पालक विचारायचे, "मॅडम, कुठल्या लाइनला पॅकेज चांगलं?" मुलाला काय आवडते, काय जमते, हा विषय मलाच काढावा लागे.

पैसा गौण आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या घरात कर्जाचे हप्ते थकले आहेत, तिथे मुलीचा पहिला पगार म्हणजे सणच. पण यशाचे एकच माप मुलांसमोर ठेवले, तर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर त्या मापात कुठे बसतात?

जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या गरीब घरातला हा मुलगा डॉक्टर होऊन १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आला. कोकणात तेव्हा लाल विंचवाची दहशत होती. लाकूडफाटा उचलताना, पेंढा ओढताना दंश व्हायचा. अंगाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुफ्फुसांत पाणी भरून धाप, आणि धडधाकट माणूस हातचा जायचा. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी या रुग्णांवर वापरली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. त्या गोळीनंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. एमडी झाल्यावर मोठ्या शहरात बस्तान बसवता आले असते, पण दवाखाना महाडलाच थाटला. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचीही या संशोधनात साथ राहिली. पद्मश्री मिळाली २०२२ साली, 'लॅन्सेट'मधल्या त्या लेखानंतर तब्बल ४० वर्षांनी!

आज आमच्याकडे शेतावर, वाडीवर विंचू चावला तर माणूस वाचेल असे घरचे धरून चालतात. हा भरवसा कुणाच्या पगारपत्रकावर दिसत नाही. प्रत्येकाने खेड्यात जावे, त्याग करावा, असा उपदेश मुलांना करू नये. तो करणारे बहुधा स्वतः शहरातच राहतात. बावस्करांनाही मी त्यागमूर्ती म्हणणार नाही. समोर माणसे मरत होती, ती का मरतात हे त्यांना जाणून घ्यायचे होते, आणि त्यांनी ते शोधून काढले. कामाचा हा कैफ मुलांना माहीत तरी व्हायला हवा.

म्हणून विनंती अशी: पॅकेजची बातमी जरूर छापा, पण त्यात दोन ओळी कामाबद्दल असू द्या. आणि त्या मोसमात, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत आपल्या तालुक्यातल्या एखाद्या आशाताईचे, लाइनमनचे किंवा बियाणे जपणाऱ्या शेतकरी बाईचे काम तपशिलाने येऊ द्या. शाळांनीही गुणगौरव समारंभाला दरवर्षी पुढारीच बोलावण्यापेक्षा एखाद्या वर्षी आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला मानाने व्यासपीठावर बसवावे आणि मुलांना तिला मनसोक्त प्रश्न विचारू द्यावेत.

– एक निवृत्त शिक्षिका, माणगाव (जि. रायगड)