सड्यावर मोडलेलं हाड आणि तुमचा शब्द

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी शिमग्यानंतर आपण आमच्या गावी आला होतात. देवळापुढच्या मंडपात माईक हातात घेऊन म्हणालात, "दिवाळीच्या आत या पोरांना सपाट मैदान मिळेल, हा माझा शब्द आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. निघताना गावाने हापूसच्या दोन पेट्या आपल्या गाडीत ठेवल्या. दिवाळी गेली, दुसरा शिमगाही गेला. मागच्या रविवारी माझा धाकटा मुलगा कातळावर आपटला आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. म्हणून हे पत्र.

आमचं मैदान म्हणजे वाडीच्या वरचा सडा, कातळाचं उघडं माळ. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात तापलेला जांभा. तिथे पोरं कबड्डी खेळतात आणि दोन वर्षांपासून रग्बी लीग, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा खेळ, मोबाईलवर बघून शिकलेला. तेरा जणांचा संघ, सहा वेळा पकडलं गेलं की चेंडू समोरच्यांना. पकड पक्की झाली की बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे सरायचं. लहानपणापासून चढाई-पकड करत आलेल्या पोरांना हे शिकवावं लागलं नाही. अंगावर येणाऱ्याला कमरेतून कसं धरायचं, हे आमच्याकडे पाचवीतला मुलगा दाखवील.

हाड मोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "हा खेळ यादीत नाही, फाईल बंद झालीय." मैदानाला कुठली यादी लागते, मंत्रिमहोदय? उद्या तिथे कबड्डी खेळली तर जमीन आपोआप सपाट होणार आहे का?

यादीचंच म्हणाल तर ग्रीसचं ऐका. तिथे 2022 पर्यंत या खेळाला सरकारी मान्यता नव्हती. खेळाडू रात्री, जागा गुप्त ठेवून सामने खेळायचे, कारण पोलीस येऊन खेळ थांबवायचे. त्याच वर्षी ग्रीसचा संघ इंग्लंडमध्ये विश्वचषक खेळला. एकदम तिथे पोचला नाही. लहान देशांसाठी या खेळात खालची पायरी ठेवलेली आहे. 1995 मध्ये इंग्लंडात विश्वचषकाच्या बरोबरीने उदयोन्मुख देशांची वेगळी स्पर्धा भरली. मोल्दोव्हा, मोरोक्को असे सात संघ होते आणि कूक बेटांनी ती जिंकली. 2018 मध्ये सिडनीला तशीच स्पर्धा झाली. ग्रीस तिथे होता. अंतिम सामन्यात माल्टाने निउएला हरवलं. निउए या बेटाची वस्ती दोन हजारांच्या आत आहे. आमच्या वाड्या मोजल्या तर तेवढी माणसं भरतील. तेवढ्या माणसांचा देश अंतिम फेरीत जातो, कारण त्यांना त्यांच्या तोलामोलाचा सामना मिळतो. आमच्या पोरांना काय मिळतं? मुंबईला या, पुण्याला या, तिथल्यांशी खेळा, हरा आणि घरी जा.

मुंबईला या, हे सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या वाडीतून निघून बघावं. मी हर्णै बंदरातून मासळी नेणारा टेम्पो चालवतो. मुलाला चाचणीला न्यायचं म्हणजे माझे तीन दिवस बुडतात. गेल्या वर्षी दोनदा नेलं, भाडं-जेवण धरून अकरा हजार गेले. घरचीने गळ्यातली साखळी सोसायटीत ठेवली, ती अजून सुटलेली नाही. आता एक्स-रे, प्लास्टर, आणि बारावीचं वर्ष. मुलगा रात्री कूस बदलताना कळवळतो. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकतो. त्याला खेळायला मीच पाठवलं होतं.

हा खेळ जन्मला तोच या बुडालेल्या मजुरीवरून. उत्तर इंग्लंडातले गिरणीकामगार आणि खाणकामगार सामन्यासाठी रजा घ्यायचे आणि पगार गमवायचे. क्लबांनी नुकसानभरपाई मागितली, रग्बी चालवणाऱ्या रग्बी युनियनने नाकारली. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लब जमले आणि युनियनपासून वेगळे झाले. भरपाई किती, तर दिवसाला सहा शिलिंग. हे मला माझ्या आजोबांच्या घरातलं वाटतं. तेही परळच्या गिरणीत साचे चालवायचे, सुट्टीच्या दिवशी कबड्डी खेळायचे, आणि गुडघा फुटला की त्या आठवड्याची मनीऑर्डर गावाला कमी यायची.

सिडनीला जिंकलेल्या त्या माल्टाच्या संघात ऑस्ट्रेलियात वाढलेली पोरं बरीच होती. आजा-आजीच्या देशाकडून खेळता येतं, असा नियमच आहे. आमची तशी नातवंडं लालबागला आणि विरारला आहेत. गणपतीला येतात, सड्यावर खेळतात, परत जातात. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 16,96,777 माणसं होती, 2011 मध्ये 16,15,069 उरली. सगळा देश वाढत असताना आमचा जिल्हा ऐंशी हजारांनी घटला. यावर कुठल्या अधिवेशनात रात्रभर चर्चा झाली ते दाखवा. आमच्याकडे माणूस राहावा असं तुम्हाला वाटतच नाही, असं मी आता उघड म्हणतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या नावावर किती सरकारं आली नि गेली, आमची मोटार अजून खड्ड्यातच. चक्रीवादळ आलं की पाहणीला येता, निवडणूक आली की मंडपात येता. मधल्या काळात आमची पोरं तुमच्या कुठल्या यादीत असतात?

मला स्टेडियम नको. जेसीबीचे चार दिवस, मातीच्या पन्नास-साठ गाड्या, वर हरळी. दगड वेचायला गाव येईल, पैसे मागणार नाही. आणि कोकणातल्या तालुक्यांची आपसांत एक स्पर्धा, वर्षातून एकदा, येण्याजाण्याच्या भाड्यासह आणि बुडालेल्या रोजासह. तेवढं लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी. माईकवरचा शब्द आता या गावात कोणी घेणार नाही.

शनिवारी चारला पोरं सड्यावर जमतात. मुलगाही येतो, हात गळ्यात अडकवून कडेला बसतो. आपण या. मोटार खालच्या वाडीपर्यंतच येते. पुढे पाखाडी चढावी लागेल.

आपला,
एका खेळाडूचा बाप