कापूस फुटण्याआधी गावाने करायची यादी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन लेकरं गावभर फिरली. आता महिनाभरात सोयाबीनची सोंगणी लागेल, दसऱ्याच्या सुमारास पऱ्हाटी फुटेल आणि दिवाळीची सुट्टी संपली की जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या बसकर पट्ट्या रिकाम्या दिसू लागतील. डिसेंबरात कोणीतरी म्हणेल, या पालकांना शिक्षणाची किंमतच नाही. हे बोलणं अन्यायाचं आहे, आणि त्यातून उपायही निघत नाही. गैरहजेरी दिवाळीनंतर दिसत असली तरी ती रोखण्याचे दिवस सध्याचे आहेत, पोळा ते दसरा. हे काम गावाने मिळून करायचं आहे. ते कसं करता येतं, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी मोजणीबद्दल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस शाळा भरली पाहिजे. मासिक अहवालात आपण वर्गाची सरासरी लिहितो आणि 85 टक्के आली की समाधान मानतो. 20 मुलांच्या वर्गात रोज तिघं गैरहजर असली की 85 टक्के होतात. ती तिघं रोज वेगवेगळी असतील, तर प्रत्येक मुलाचे वर्षात साधारण 30 दिवस बुडाले. रोज तीच तिघं असतील, तर त्यांची शाळा कधीच सुटली आहे. अहवालात मात्र दोन्ही वर्ग सारखेच दिसतात. म्हणून वर्गाची टक्केवारी बाजूला ठेवून एकेका मुलाचे बुडालेले दिवस मोजायला हवेत. एका कागदावर डावीकडे नावं, वर महिने आणि चौकटीत फक्त बुडालेल्या दिवसांचा आकडा. जूनअखेर शाळा उघडल्यापासून ज्याचे 10 दिवस बुडाले, त्याच्या नावाभोवती गोल करायचा. आज हा कागद केला, तर दिवाळीनंतर कोणाची शाळा सुटणार आहे, ते बहुतेक आजच कळतं.

या कागदावर पहिली गोष्ट उघडी पडते ती आठवडी बाजाराच्या दिवसाची. बाजाराच्या दिवशी बहुतेक गावांत मजुरीचा चुकारा होतो आणि त्या दिवशी कामही नसतं. मायबाप तालुक्याच्या नाहीतर मोठ्या गावच्या बाजाराला जातात, सोबत लेकरं. एकच तर दिवस, असं वाटतं. पण 200 दिवस म्हणजे सहा दिवसांचे 33 आठवडे. दर बाजाराला एक दिवस बुडाला, तर वर्षाला 33 दिवस जातात, म्हणजे शाळेचा सहावा हिस्सा. पहिली ते चौथी हेच चाललं, तर 130 दिवसांवर जातात. मूल चौथीत भागाकारापाशी अडतं तेव्हा त्याचं डोकं चालत नाही असं आपण म्हणतो. खरं तर भागाकार शिकवला त्या दिवशी ते बाजारात होतं.

यावर उपाय आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. ज्या गावचा बाजार सोमवार ते शुक्रवारात येतो, तिथे बाजाराच्या दिवशी सकाळची शाळा भरवावी आणि शनिवारी पूर्ण वेळ. मूल सकाळी शाळेत येईल आणि दुपारी मायसोबत बाजारात जाईल. तास तेवढेच राहतात, दिवसही तेवढेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 मध्ये शाळेचं वेळापत्रक, म्हणजे वर्षाचं दिवसांचं नियोजन, ठरवण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणाला दिली आहे. त्याच कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचे प्रवेश व्हावेत हे पाहण्याचं कर्तव्यही त्याच्यावर टाकलं आहे. जिल्हा परिषदांच्या शिक्षण समित्यांनी ठरवलं, तर ही अदलाबदल एका ठरावात होऊ शकते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, ते सगळ्यांनी मान्य केलं आहे. मग बाजार मान्य करायला अडचण नसावी.

वेचणीच्या दिवसांतली गैरहजेरी वेगळी. तिचं कारण घड्याळात आहे. कापूस सकाळी थंड वेळेत वेचला तर त्याला वाळका पाला, काडीकचरा चिकटत नाही, म्हणून बायका सकाळीच शेतात जातात. मजुरी किलोवर असते, म्हणून लवकर जाणं पदरात पडतं. शाळा साडेदहाला भरत असेल आणि माय आठ-साडेआठला निघत असेल, तर मधले दोन तास घरात मोठं माणूस नाही. सात वर्षांच्या मुलाने स्वतः आंघोळ करून, शिळी पोळी खाऊन, दप्तर भरून वेळेवर शाळेत जावं, अशी आपली अपेक्षा. ते खेळत राहतं किंवा मायच्या मागे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसतं. धुऱ्यावर बसलेलं मूल थोड्या वेळाने ओटीत कापूस टाकू लागतं. दोन-चार किलो वाढतात, तेवढीच त्याची मजुरी. 2016 च्या दुरुस्तीनंतर कायदा 14 वर्षांखालच्या मुलाला घरच्या कामात हातभार लावायची मुभा देतो, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीतच. दुसऱ्याच्या शेतात किलोवर वेचणी त्यात बसत नाही. पण पोलीस बोलावून हा प्रश्न सुटायचा नाही. तो शाळेचं फाटक लवकर उघडून सुटेल.

वेचणीच्या अडीच-तीन महिन्यांसाठी शाळेचं आवार सकाळी आठला उघडावं. बचत गटातल्या दोन बायका पाळीपाळीने बसतील. एखाद्या घरी वेचणीला न जाणारी आजी असेल तर तीही चालेल. फाटकाची किल्ली तिच्याकडे, हातपाय धुवायला पाणी, दोन चेंडू, जुन्या पुस्तकांची पेटी आणि हजेरीची एक वही. जमलं तर मूठभर मुरमुरे-फुटाणे. एवढंच लागतं. मानधनासाठी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा 10 टक्के हिस्सा आहे. तो बऱ्याचदा वर्षअखेरीला घाईघाईने कशावर तरी खर्च होतो. तो इथे वापरला, तर त्याचं नाव सार्थ होईल.

लहान भावंडाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला. तिसरी-चौथीतली मुलगी गैरहजर असते तेव्हा तिच्या कडेवर बहुधा दीड-दोन वर्षांचं बाळ असतं. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुलं बसतात आणि तीही शाळेच्या आधी सुटते. त्यामुळे मुलगी शाळेत आली तरी दुपारनंतर तिचं लक्ष घराकडे. अशा मुलीला बाळासह शाळेत येऊ द्यावं. वर्गात थोडा गोंधळ होतो, हे खरं. पण ज्या वर्गात बाळाला मनाई आहे, त्या वर्गात ती मुलगीही येणार नाही. गावात पाच-सात बाळं असतील, तर समाजमंदिरात वेचणीपुरतं पाळणाघर चालवणं उत्तम.

आता स्थलांतर. विदर्भात सगळीकडे ते एकसारखं नाही, आणि इथेच सरकारी आखणी चुकते. पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांवरून कुटुंबं मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मेळघाटातली कोरकू कुटुंबं मैदानी भागात मजुरीला उतरतात, होळीला घरी येतात आणि पुन्हा निघतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडून मिरची तोडायला तेलंगणात जाणं होतं. वीटभट्ट्या उन्हाळा संपेपर्यंत चालतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि त्यानंतर तेंदूपत्ता, तेव्हा तर गावातच राहूनही पहाटेपासून घर जंगलात असतं. 4 जुलै 2015 रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरणीसाठी सगळे गावातच असतात. जानेवारीत ऊसाच्या फडावर असणारं मूल त्या दिवशी हजर सापडतं. मोजणी करायची तर ती दिवाळीनंतर आणि होळीनंतर अशी दोनदा करावी.

गावाची यादी मात्र दसऱ्याच्या आत व्हावी. मुकादमाची उचल कोणी घेतली, हे गावात लपून राहत नाही. यादीत इतकं लिहावं: कुटुंब कुठे जाणार, साधारण कधी परतणार, मुकादमाचा फोन, मुलाची इयत्ता, विद्यार्थी ओळख क्रमांक आणि घरी मागे कोण राहतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. घरी आजी-आजोबा, काका-काकू असतील, तर मूल मागे राहू शकतं. अडचण असते खाण्याची. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ धरतात, म्हणजे 450 कॅलरी. ते दुपारचं एक जेवण झालं. थकलेल्या आजीला सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक झेपत नाही, रविवारी तर शाळेचंही जेवण नाही. मागे राहणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना याचसाठी आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते, पण प्रस्ताव वेळेत गेला तरच. मंजुरी आणि पैसे अर्धा हंगाम सरल्यावर आले, तर किराणा उधारीवर चालतो, दुकानदार हात आखडतो आणि मूल जानेवारीत मायबापाकडे जातं. प्रस्तावासोबत नावनिशीवार यादी आणि मागे राहणाऱ्या पालकाची सही जोडली, तर अडवायला कारण उरत नाही. मुलींच्या रात्रीच्या मुक्कामासाठी बाई ठरल्याशिवाय वसतिगृह सुरू करू नये.

जे मूल जाणारच आहे, त्याच्या हाती शिक्षण हमी पत्रक, म्हणजे नव्या गावच्या शाळेत दाखवून शिक्षण चालू ठेवण्याचा कागद, द्यावं आणि ते कशासाठी आहे, हे मायला तोंडी समजावून सांगावं. ती वाचू शकत नसेल, तर पिशवीत दुमडलेला तो आणखी एक कागद ठरतो. जिथे मूल जाईल, तिथल्या शाळेला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्ष अर्धं झालं म्हणूनही नाही. हे दोन्ही कायद्यात आहे. शिक्षकाने मुकादमाच्या फोनवरून महिन्यात एकदा मुलाशी बोललं, तर परत आल्यावर ते वर्गात बसायला लाजत नाही. तेलंगणात जाणाऱ्यांसाठी हे पत्रक फारसं कामाचं नाही, कारण तिथल्या शाळेत तेलुगू. त्या मुलांना गावातच ठेवण्यावर जोर द्यावा.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलली पाहिजे. पट 20 च्या खाली गेला की शाळा राहते की जाते, ही धास्ती लहान गावांत कायम असते. 2023 मध्ये समूह शाळांचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा, विषय निघाल्यापासून ती वाढली. त्या भीतीने गेलेल्या मुलाचीही हजेरी मांडली जाते. शिक्षकाचा हेतू शाळा वाचवण्याचाच असतो. पण हजेरीपटावर सगळी मुलं हजर असतील, तर गावातून स्थलांतर होतं याचा पुरावा उरत नाही, आणि मग हंगामी वसतिगृह कोणत्या आधाराने मागणार? शासनाने स्पष्ट आदेश काढावा की हंगामी स्थलांतरात गेलेलं मूल पटावर कायम धरलं जाईल आणि त्याच्या गैरहजेरीमुळे शाळेच्या किंवा शिक्षकाच्या पदाला धक्का लागणार नाही. तोवर खरी हजेरी लिहिणं फार कठीण आहे.

गृहभेटीबद्दल थोडं. मूल सलग तीन दिवस आलं नाही की चौथ्या दिवसाची वाट पाहू नये. भेट दुपारी देऊ नये, दाराला कुलूप असतं. सात नंतर जावं, चूल पेटलेली असते. शिक्षक तालुक्याहून ये-जा करत असतील तर त्यांना संध्याकाळी थांबणं जमत नाही, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई आणि आशाताई अशा दोघी जाव्यात. आधी मूल बरं आहे का, हे विचारावं. ताप, खरूज, नाल्याला आलेला पूर, ओला गणवेश, यातलं काहीतरी असतं. पावसाळ्यात शाळा एक किलोमीटरवर आहे असं कागदावर असतं, पण मध्ये नाला भरला की पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, मुलाला फेरा पडतो. कोलामांच्या पोडावरून, बंजारा तांड्यावरून, पारध्यांच्या बेड्यावरून येणाऱ्या पहिलीतल्या मुलाला पहिले काही महिने वर्गातलं बोलणंच कळत नाही. ते गप्प बसतं, मग येईनासं होतं. तिथली एक मोठी मुलगी किंवा आजी आठवड्यात दोन दिवस वर्गात येऊन बसली, तरी फरक पडतो.

समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. सभा मात्र दुपारी बारा वाजता होते, बायका शेतात, आणि संध्याकाळी रजिस्टर सहीसाठी घरोघर फिरतं. सभा रात्री आठला मारुतीच्या पारावर घ्या. भुलाबाईची गाणी म्हणायला मुली आणि त्यांच्या माया जमतात, त्या रात्री प्रसाद वाटण्याआधी दहा मिनिटं या यादीवर बोला. त्या दहा मिनिटांत पाच घरांची माहिती मिळते.

वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. 15 ऑगस्ट गेला. 26 जानेवारीला मुलं फडावर असतील, 1 मे ला शाळाच नसेल. म्हणजे हातात फक्त 2 ऑक्टोबर आहे. त्याआधी महिला सभा होते, सकाळच्या फाटकाचा आणि पाळणाघराचा विषय तिथे मांडावा. बाजाराच्या दिवशी सकाळची शाळा, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आणि जाणाऱ्या कुटुंबांची यादी हे तीन विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हवे असतील, तर नोटीस निघण्याआधी, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

आपले,
शाळा व्यवस्थापन समित्यांचे काही सदस्य
यवतमाळ जिल्हा