अंगणवाड्यांच्या पुस्तकपेटीसाठी आवाहन : पुस्तके पाठवण्याआधी कृपया वाचावे

स. न. वि. वि.

डहाणू तालुक्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयाने परिसरातील ९ अंगणवाड्यांना प्रत्येकी ४० चित्रपुस्तकांची एकेक पेटी देण्याचे ठरविले असून, त्यासाठी आम्ही आपणाकडे साहाय्य मागत आहोत. असेच आवाहन आम्ही गेल्या वर्षीही केले होते. ‘लहान मुलांसाठी पुस्तके द्यावीत’ एवढेच त्यात लिहिले होते आणि लोकांनी सढळ हाताने दिली. तीन पोती भरली. ती उघडली तेव्हा सातवीची गाइडे निघाली, कोणाच्या तरी नातवाने रंगवून संपविलेल्या रंगवह्या निघाल्या, बारीक टाइपातील बोधकथांचे संच निघाले. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावीत अशी पुस्तके मोजून ११ होती. यात देणाऱ्यांचा दोष नाही. काय हवे ते आम्हीच नीट सांगितले नव्हते. या वेळी ते सविस्तर लिहीत आहोत.

ती ११ पुस्तके आम्ही एका अंगणवाडीत ठेवून पाहिली. त्यांतल्या एका पुस्तकात आजी कोंबडी शोधत घरभर हिंडते, आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात, कधी कणगीमागे तर कधी सुपाखाली, एक मांजर दडलेले असते. मजकुरात त्या मांजराचा उल्लेख एकदाही नाही. सेविकाताई ओळी वाचत होत्या, म्हणून त्यांना ते दिसले नाही. पहिल्या रांगेतल्या चार वर्षांच्या मुलीला दुसऱ्याच पानावर दिसले. एरवी आठवडा आठवडा न बोलणारी ती मुलगी उठून पुस्तकापाशी आली, मांजरावर बोट ठेवले आणि आपल्या वारली बोलीत बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. पुढची तीन पाने मग ताईंनी वाचली नाहीत, मुलांनीच ‘वाचली’.

आम्ही पुस्तक निवडतो ते या अनुभवावरून. जे शब्दांत आहे तेच चित्रात पुन्हा काढलेले असेल, तर मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. चित्र मजकुरापेक्षा थोडे अधिक सांगणारे असले, की मूल शोधते, अंदाज बांधते, ‘आता काय होणार?’ याचे उत्तर देते, आणि उत्तर देण्यासाठी त्याला वाक्य जुळवावे लागते. अक्षरओळखीच्या कितीतरी आधी व्हायला हवे ते शिक्षण हेच, असे आम्ही मानतो. म्हणून मजकूर एका पानावर एक-दोन ओळींचाच असावा, एखादे वाक्य पुन्हा पुन्हा येणारे असावे (तिसऱ्या वेळी मुले ते स्वतःच म्हणतात) आणि काही पुस्तके तर मुळीच शब्द नसलेली असावीत. शब्द नसलेले पुस्तक पाहून ‘यात वाचायचे काय?’ असे आमच्याच मंडळातील एका सदस्यांनी विचारले होते. आता तेच अशा पुस्तकांचा आग्रह धरतात.

अक्षरांचे तक्ते व अंकलिपी कृपया पाठवू नयेत. अननस, ईडलिंबू आणि ऐरण यांचे सुटे चित्र पाहून मूल नाव पाठ करते, पण बोलत नाही. शिवाय ईडलिंबू आमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे, हा प्रश्नच आहे. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ असलेली पुस्तकेही नकोत. सावळे मूल केवळ हसण्यासाठी काढलेले असेल, किंवा आई सदैव चुलीपाशी आणि बाबा सदैव वर्तमानपत्रामागे असतील, तर ते पुस्तक आम्ही बाजूला ठेवतो. येथल्या कित्येक आया पहाटे चिकूच्या वाडीत कामाला जातात. वाळत घातलेले बोंबील, ताडावर चढणारा माणूस हे मुलांचे रोजचे जग आहे. ते पुस्तकात दिसले तर उत्तमच. मात्र हिमालय, उंट आणि आगगाडीही हवीत, कारण घराजवळचे तेवढेच दाखविणे हासुद्धा अन्यायच.

भाषेचा मुद्दा आमच्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. अनेक मुले घरी वारली बोलतात आणि प्रमाण मराठी प्रथम अंगणवाडीत ऐकतात. चित्र दोन्ही भाषांचे असते, म्हणून चित्रपुस्तक येथे पुलाचे काम करते. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावरील पुस्तके मुक्त परवान्याची असल्याने त्यांचे भाषांतर करून छापता येते. त्यांतील काही पुस्तकांवर वारली मजकुराच्या पट्ट्या चिकटविण्याचा आमचा विचार आहे. या परिसराला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. शिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतून त्यांनी मुलांना शिकविले, आणि जी मुले बालवाडीत येत नव्हती त्यांच्या अंगणात बालवाडी नेली. देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे येथलीच अंगणे आहेत.

खर्चाचा हिशेब साधा आहे. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका आणि एकलव्य यांच्या याद्यांतून आम्ही निवड करीत असून, पुस्तकाची सरासरी किंमत १०० रुपये धरली आहे. म्हणजे एका पेटीला ४,००० रुपये आणि पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर, मुखपृष्ठ समोर राहील अशी ठेवण्यासाठी भिंतीवर टांगायच्या खिशांच्या कापडी पडद्याला ६०० रुपये. ९ पेट्यांचे ४१,४०० आणि दुरुस्ती-साहित्याचे २,६०० मिळून एकूण ४४,००० रुपये होतात. वाचनालयाने आपल्या शिलकेतून ८,००० रुपये बाजूला काढले आहेत. उरलेले ३६,००० आपणाकडून हवे आहेत. पेटी दर महिन्याला फिरती ठेवावी, म्हणजे कमी पुस्तकांत भागेल, अशी सूचना आली होती. पण या वयाचे मूल तेच पुस्तक वीस वेळा मागते आणि विसाव्या वेळी त्यात काहीतरी नवे पाहते, म्हणून शेजारच्या दोन अंगणवाड्यांनी सहा महिन्यांनीच पेट्यांची अदलाबदल करावी असे ठरले आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुस्तक फाटले तर भरपाई आपल्यालाच द्यावी लागेल या भीतीने पुस्तके कपाटात कुलूपबंद राहतात, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून मंडळाने ठराव केला आहे की या पेटीतील फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकाची भरपाई कोणत्याही सेविकेकडून वा मदतनीसताईंकडून घेतली जाणार नाही. वर्षअखेर पुस्तक नवेकोरे राहिले असेल, तर मात्र आम्ही कारण विचारू.

देणगी रोख किंवा धनादेशाने वाचनालयाच्या देवघेव विभागात स्वीकारली जाईल आणि पावती त्याच वेळी मिळेल. आमच्याकडे ८०जी प्रमाणपत्र नसल्याने आयकरात सवलत मिळणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी. जमाखर्च आणि घेतलेल्या पुस्तकांची यादी दर्शनी फलकावर लावली जाईल. पुस्तकेच द्यायची असतील, तर खरेदीपूर्वी आमच्याकडील यादी पाहून जावे.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. मधोमध टाचलेली पुस्तके लवकर सुटतात. ती अंगणवाडीत जाण्याआधीच दाभणाने शिवून पाठीला कापडी पट्टी लावायची आहे. दाभण, दोरा आणि खळ वाचनालय देईल. त्याचप्रमाणे वारली बोलणाऱ्या, गोष्ट रंगवून सांगू शकणाऱ्या दोन-तीन आजी हव्या आहेत. त्यांना वाचता येत नसले तरी हरकत नाही.

आपले,
कार्यकारी मंडळ व बालविभाग समिती