रेनकोटची परीक्षा तोरण्यावर व्हावी

माननीय संपादक,
स. न.

पावसाळी भटकंतीच्या सामानावरचा पुरवणीतला लेख वाचला. जॅकेट १०,००० मिलिमीटरपर्यंत वॉटरप्रूफ, बूट वॉटरप्रूफ, असं त्यात लिहिलंय. हे सगळं कंपनीच्या लेबलवरचं. वीसेक वर्षं मुलामुलींना सह्याद्रीत घेऊन जाते, म्हणून राहवलं नाही.

१०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब त्या कापडाने सोसला. पण तो कोऱ्या कापडाचा तुकडा असतो. तोरणा गडाच्या पायथ्याच्या वेल्ह्याहून वरच्या बिनी दरवाज्याकडे चढताना पाठीवर दहा किलोंची सॅक असते, तिचे पट्टे खांद्यावर तेच कापड तासन् तास घासतात. रॉकपॅचवर, म्हणजे उभ्या कातळाच्या टप्प्यावर, रेलिंग धरायला हात वर केला की पाणी बाहीतून थेट काखेपर्यंत येतं. जॅकेटच्या चेनमधून झिरपतं ते वेगळंच. शिवाय जुलैत तिथे ढगातूनच चालायचं, हवा इतकी दमट की घामाची वाफ बाहेर जायला वावच नसतो. वर मेंगाईच्या देवळात जॅकेट काढलं तर आतला टीशर्ट पिळून काढावा लागतो. तो पावसाने भिजला की घामाने, हे कुडकुडणाऱ्या मुलाला विचारून काय उपयोग?

बुटांचं तर जास्त गंभीर आहे. गेल्या वर्षी उतरताना एका मुलीच्या बुटाचा सोल टाचेपासून अख्खा उचकटला. बूट महागाचा, जेमतेम चारदा वापरलेला, बाकी तीन वर्षं माळ्यावर. पॉलियुरेथेनचा तळ नुसता पडून राहिला तरी दमट हवेने आतून विरत जातो, हे दुकानात तिला कोणी सांगितलं नव्हतं. शेवाळलेल्या कातळावर, सुतळीने बांधलेल्या बुटात, एकेक पायरी बसत बसत तिला खाली आणलं. तेव्हापासून मी प्रत्येकाचे बूट आदल्या रविवारी पर्वतीवर चालवून बघते, सोल हाताने वाकवून बघते.

नवी मुलं तुमचा लेख वाचून आईवडिलांकडे पैसे मागतात. म्हणून विनंती, पुढच्या वर्षी लिहिण्याआधी तुमच्या प्रतिनिधीला ते सामान घेऊन एक दिवस आमच्याबरोबर पाठवा. जुलैतला कुठलाही रविवार चालेल. पहाटे साडेपाचला स्वारगेटहून निघतो. पिठलं-भाकरी आमच्याकडे.

— एक ट्रेक लीडर, पुणे