कॉर्वेअरचा वाद आणि पुढच्या-मागच्या चाकांतली हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींवर लेख आला आणि त्यावर दोन वाचकांची पत्रे छापून आली. एकाने शेवरोले कॉर्वेअर या मागे इंजिन असलेल्या अमेरिकन गाडीला ‘माणसे मारणारी’ म्हटले. दुसऱ्याने अमेरिकन सरकारच्याच चाचणीचा दाखला देऊन तिला निर्दोष सोडले आणि सगळा दोष, आपल्या पुस्तकात या गाडीवर टीका करणारे अमेरिकन वकील राल्फ नेडर यांच्या पदरात टाकला. दोघांचाही अभ्यास चांगला आहे. पण या वादातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, टायरमधली हवा, दोघांच्याही पत्रांत कुठेच नाही. म्हणून लिहितो आहे.

मी आयटीआयमध्ये यांत्रिक मोटारगाडी या व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. निवृत्तीनंतर आर्वी तालुक्यात गावी राहून संत्र्याची बाग बघतो. आमच्या भागात कॉर्वेअर कुणी पाहिलेली नाही. मात्र तालुक्याच्या एका डॉक्टरांची जुनी, मागेच इंजिन असलेली फोक्सवॅगन बीटल मी अनेक वर्षे सांभाळली, आणि तशाच मागे इंजिन असलेल्या नॅनो तर आजही आमच्याकडे बाजाराला, लग्नाला, दवाखान्यात जाताना दिसतात. त्यामुळे हा वाद मला परका वाटत नाही.

आधी गाडीविषयी. जनरल मोटर्सने १९६० चे मॉडेल म्हणून कॉर्वेअर आणली. हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवलेले, त्यामुळे गाडीचे साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर. उलाळ, म्हणजे मागे जड, भरलेली कापसाची बंडी उतारावर वळवताना मागून कशी ओढ घेते, हे ज्याने कासरा हातात धरला आहे त्याला वेगळे सांगायला नको. नुसते वजन मागे असल्याने गाडी धोक्याची होत नाही; पोर्शे ९११ चे इंजिन आजही मागेच आहे. कॉर्वेअरची खरी अडचण तिच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाके गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या रचनेत होती. १९६० ते १९६४ च्या गाड्यांना स्विंग ॲक्सल होता. त्यात प्रत्येक बाजूच्या ॲक्सलला सांधा एकच, डिफरन्शियलजवळचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या मधल्या गिअरपेटीजवळचा. चाकाच्या टोकाला सांधा नाही, म्हणून ॲक्सल खाली-वर झाला की त्याच्याबरोबर चाकही कलते. वेगात वळण घेताना गाडीचा मागचा भाग उचलला गेला तर बाहेरच्या बाजूचे चाक आत दुमडल्यासारखे होते, टायर जेमतेम कडेवर टेकतो आणि पकड सुटते. ती सुटते तीही एकदम, चालवणाऱ्याला सावरायला वेळ न देता.

हे कंपनीच्या इंजिनिअरांना माहीत होते. पुढे अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे रोखणारी आडवी सळई, बसवला असता तर हा स्वभाव बराच आटोक्यात आला असता, पण सुरुवातीच्या गाड्यांना तो दिला नाही. त्याऐवजी वाट काढली ती हवेची. मालकाच्या पुस्तिकेत लिहिले होते: थंड टायरमध्ये पुढे १५ पौंड हवा, मागे २६ पौंड. पुढचे टायर मुद्दाम मऊ ठेवले की वळणावर पुढची पकड आधी ढिली पडते, गाडी थोडी बाहेर सरकते, आणि घाबरलेला माणूस जे आपसूक करतो, म्हणजे पाय उचलून स्टिअरिंग आणखी वळवतो, तेवढ्याने बहुतेक वेळा निभावते. मागची पकड आधी गेली तर मात्र गाडी गर्रकन फिरते, आणि तिथे ॲक्सिलरेटर सोडला की संकट वाढते.

आता विचार करा. हा आकडा पुस्तिकेत, पुस्तिका डिकीच्या किंवा कपाटाच्या कोपऱ्यात. पेट्रोल पंपावरचा मुलगा चारही चाकांत सारखी हवा भरणार. १५ पौंडाचा टायर त्याला दिसतानाच बसलेला वाटणार, तो सद्भावनेने फुगवून देणार. एका मिनिटात त्या गाडीची सगळी सुरक्षितता निघून जाणार, आणि मालकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. नेडर यांच्या १९६५ च्या पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. पुस्तकाची बाकीची प्रकरणे कॉर्वेअरवर नाहीतच. पोटात घुसणारे स्टिअरिंग, डॅशबोर्डच्या धारदार कडा, धूर आणि प्रदूषण असे सगळ्याच मोटार उद्योगाचे विषय त्यांत आहेत. ज्यांनी नेडर यांना ‘एका गाडीचा मारेकरी’ म्हटले त्यांनी ती प्रकरणे वाचावीत, अशी माझी विनंती आहे.

दुसऱ्या पत्रलेखकांचा मुद्दा १९७२ च्या सरकारी अहवालाचा. तो खराच आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने १९६३ च्या कॉर्वेअरची फोर्ड फाल्कन, प्लायमाउथ व्हॅलियंट, फोक्सवॅगन बीटल, रेनो डॉफीन अशा गाड्यांबरोबर चाचणी घेतली आणि ताबा सुटण्याचा किंवा उलटण्याचा धोका तिच्यात असाधारण नाही, ती निदान तिच्या काळातल्या काही गाड्यांइतकी तरी बरी आहे, असा निष्कर्ष काढला. हौशी मंडळींनी यातल्या ‘काही’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. ज्यांच्याशी तुलना झाली त्यांतल्या बीटल आणि डॉफीन या दोन्ही गाड्यांचे इंजिन मागे आणि मागचा ॲक्सल स्विंगच. वर्गातला एक मुलगा नापास झाला आणि दुसराही झाला, म्हणून पहिला पास ठरत नाही. शिवाय चाचणीत हवा तपासूनच भरली जाते. पुलगावच्या पंपावर तशी भरली जात नाही, आणि तेव्हाच्या ओहायोच्या पंपावरही जात नसणार.

कंपनीची बाजू मी झाकणार नाही. १९६४ च्या मॉडेलला पुढे अँटी-रोल बार आणि मागे आडवी पाटा स्प्रिंग आली. १९६५ ला मागचे सस्पेन्शन पूर्ण बदलून स्वतंत्र केले गेले, आणि ती गाडी खरोखर उत्तम होती. म्हणजे नेडर यांचे पुस्तक १९६५ च्या अखेरीस बाहेर आले तेव्हा दोष दुरुस्त झालेला होता. कॉर्वेअरप्रेमींचे दुःख मला समजते; नवी चांगली गाडी जुन्या गाडीच्या बदनामीत बुडाली. पण दुरुस्ती झाली याचाच अर्थ दुरुस्त करण्यासारखे काहीतरी होते. आणि आधी विकलेल्या गाड्या रस्त्यावरच होत्या. कंपनीने नेडर यांच्यामागे गुप्तहेर लावले. मार्च १९६६ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना त्याबद्दल माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोटार सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. आपल्याकडे आज एअरबॅग आणि धडक चाचणीची चर्चा होते, तिच्या पूर्वजांत हे प्रकरण आहे. त्या माणसाला खोटारडा म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते.

आता आमच्या रस्त्यांकडे येतो, कारण खरी काळजी तिथली आहे.

डॉक्टरांच्या बीटलला पुढे कमी आणि मागे जास्त हवा लागायची. मी आकडे रंगाने मडगार्डच्या आत लिहून ठेवले होते. तरी प्रत्येक हवा भरणारा विचारायचा, “काऊन जी सर, चारही चाकाईत सारखी हवा असली त काय बिघडते?” प्रश्न अगदी रास्त आहे. कुणी त्याला शिकवलेच नाही. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात, आणि पहिल्या सरीनंतर तो पट्टा लोण्यासारखा होतो हे आमच्या तालुक्यातला प्रत्येक मोटारसायकलवाला जाणतो. तळेगावच्या सत्याग्रही घाटात उतरताना मागची चाके आधी सुटली तर काय होईल, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर बाण काढून दाखवत असे.

दुसरी खोड उन्हाळ्याची. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की “उन्हाळा हाय, हवा कमीच ठेवा” असा सल्ला सगळीकडून येतो. हा सल्ला उलटा आहे. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्या दबण्यानेच तो तापतो आणि भरधाव रस्त्यावर फुटतो. हवा पहाटे, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजायची आणि कंपनीने दिलेल्या आकड्याएवढी ठेवायची. तापलेल्या टायरमधला वाढलेला आकडा पाहून हवा सोडायची नाही. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाले तेव्हा परिवहन विभागाने नाक्यांवर टायर तपासण्याची मोहीम घेतली. ती चांगलीच होती, पण आर्वीहून कारंजाला जाणाऱ्या गाडीला कुठलाच नाका लागत नाही.

आणि नॅनो. तिचे ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागे आहे, पण तिला स्विंग ॲक्सल नाही, मागची चाके सेमी-ट्रेलिंग आर्मवर, म्हणजे तिरक्या बसवलेल्या दांड्यांवर, स्वतंत्र आहेत. म्हणून तिला ‘देशी कॉर्वेअर’ म्हणणे चूक आहे. तिच्या बनवणाऱ्यांनी मागचे वजन ओळखूनच पुढे १३५/७० आणि मागे १५५/६५ असे वेगळ्या मापाचे टायर दिले आहेत, दोन्ही १२ इंची. पुढची पकड थोडी कमी, मागची जास्त, हेतू तोच. आमच्या बाजूच्या गावातल्या एका शिक्षकांनी जुनी नॅनो घेतली आणि टायर बदलायला गेले, तर दुकानदाराने चारही रुंद टायर बसवून दिले, ‘मोठा टायर कधीही चांगला’ म्हणून. गाडी दिसायला भारी दिसू लागली. पहिल्या पावसातच वळणावर मागचा भाग घसरतो अशी तक्रार घेऊन ते माझ्याकडे आले. आम्ही पुढचे टायर मूळ मापाचे लावले, हवा पुस्तिकेप्रमाणे केली आणि तक्रार गेली. दुकानदाराच्या मनात वाईट नव्हते, पण तो काय मोडतो आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

मागच्या इंजिनाला सरसकट दोष देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने, भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांच्या विनाएअरबॅग आवृत्त्या ताशी ६४ किमी वेगाने धडकवून निकाल जाहीर केले. नॅनोला शून्य तारे मिळाले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच दिवशी अल्टो ८००, आय-टेन, फिगो आणि पोलो या पुढे इंजिन असलेल्या चार गाड्यांनाही शून्यच मिळाले, हे फार थोड्यांना आठवते. धडकेत माणूस वाचतो तो सांगाडा, पट्टा आणि एअरबॅग यांच्यामुळे. इंजिनाच्या जागेचा संबंध वळणाशी, ब्रेकशी आणि टायरशी आहे. हे दोन प्रश्न एकत्र कालवले की आपल्या पुरवणीतल्यासारखे वाद कधीच मिटत नाहीत.

माझी मागणी लहान आहे. नागपूर-अमरावतीकडे जुन्या मोटारींची प्रदर्शने भरतात. मागच्या इंजिनाची गाडी मांडणाऱ्या प्रत्येक हौशी मालकाने गाडीच्या काचेवर पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या हवेचे आकडे मोठ्या अक्षरांत लावावेत, आणि ते वेगळे का हे पोरांना समजावून सांगावे. पेट्रोल पंपांनी हवेच्या यंत्राशेजारी ‘पुढे किती, मागे किती?’ असे विचारणारी पाटी मराठीत लावावी. आणि जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते, तेव्हा परिवहन कार्यालयाने शाळकरी मुलांच्या घोषणांबरोबर टायर दुकानदार आणि हवा भरणाऱ्या मुलांचाही एक वर्ग तालुक्याला घ्यावा. तो वर्ग घ्यायला मी विनामोबदला तयार आहे. फळा आणि एक चांगला प्रेशर गेज मिळाला की पुरे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (यांत्रिक मोटारगाडी)
ता. आर्वी, जि. वर्धा