नागपूरला या, पण विमानाने

नागपूर

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, इतका लांबचा प्रवास आता गुडघ्यांना झेपणार नाही, असे तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून हा सगळा प्रवास नीट मांडून तुमच्यापुढे ठेवत आहे.

पुणे-नागपूर हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. रेल्वेने मात्र ते ८८१ किलोमीटर भरते, कारण गाडी दौंडच्या बाजूने आधी उत्तरेला अहिल्यानगर, मनमाडपर्यंत जाते आणि तिथून पूर्वेला वळून जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असे करत अजनीला पोहोचते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली वंदे भारत हे अंतर १२ तासांत कापते. गाडी चांगली आहे, पण एवढा वेळ पाय खाली सोडून खुर्चीत बसणे तुम्हाला सोसणार नाही. समृद्धी महामार्गाने मोटारीतून आणण्याचा विचार मी केलाच नाही.

विमानाच्या तिकिटावर साधारण दीड तासाचा प्रवास दिसतो. ताशी ७००-८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला एवढ्याशा अंतरासाठी इतका वेळ का, अशी शंका तुम्हाला नक्की येईल. तिकिटावरची वेळ विमान तिथल्या जागेवरून हलल्यापासून इथे जागेवर थांबेपर्यंतची असते, आणि जवळच्या उड्डाणात बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. शिवाय लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्याने प्रवासी विमानांना तिथे कधीकधी थांबावे लागते.

तरीही नुसता दीड तासाचा आकडा सांगून मी तुम्हाला बोलावणार नाही. कोथरूडहून लोहगावला पोहोचायला तास-सव्वा तास, उड्डाणाआधीचे दोन तास, इथे सामान हाती यायला अर्धा तास आणि सोनेगावहून आमच्या घरापर्यंतची थोडी वाट धरली, तर दारापासून दारापर्यंत साडेपाच तास होतात. यात सलग बसणे मात्र दीड तासाचेच आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे.

व्हीलचेअर मी तिकिटासोबतच नोंदवीन. बाबा, कृपा करून तिचा संकोच करू नका, कारण विमानतळावरचे चालणेच तुम्हाला अधिक त्रासाचे होईल. आई, विमान उतरू लागले की कानात दडे बसतात, तेव्हा आवळा सुपारी तोंडात ठेव आणि अधूनमधून आवंढा गिळत राहा. दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच असू द्या. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत घाल, कारण ती सोबत आत नेऊ देत नाहीत.

डिसेंबरात धुक्यामुळे सकाळच्या विमानांना उशीर होऊ शकतो, म्हणून दुपारचे तिकीट पाहत आहे. तुम्हाला सोयीची तारीख कळवा, म्हणजे लगेच काढते.

तुमची,
धाकटी