मकतबमधल्या मुलांसाठी समुपदेशक हवा: मदतीचं आवाहन

जमातीतल्या सर्वांना सलाम, गल्लीतल्या शेजाऱ्यांना नमस्कार.

आपल्या मकतबमध्ये, म्हणजे मशिदीच्या धार्मिक शिक्षणाच्या वर्गात, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजनंतर आठवी ते बारावीची मुलं-मुली येतात. शाळा, क्लास, मग सबक. दहावीच्या वर्षी एखादं पोरगं यायचं बंद झालं की आपण म्हणतो, अभ्यासात गुंतलंय. कधी खरंच तसं असतं. कधी ते रात्रभर जागं असतं, ताटावरून उठून जातं, घरात कुणाशी बोलत नाही. मग नजर लागली म्हणून ताईत बांधतात, दम केलेलं (दुआ पढून फुंकर घातलेलं) पाणी नेतात. दुआ करूच. पण अल्लाहनं आजारासोबत इलाजही दिलाय, तेव्हा उपचार करा, ही नबींची (स.) शिकवण आपणच मुलांना देतो ना?

कुरआनमधली सूरह दुहा बहुतेकांना तोंडपाठ आहे. नबींकडे (स.) येणारी वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, काही काळ थांबली, ‘तुझ्या रबनं तुला सोडलं’ असं विरोधक त्यांना हिणवू लागले, तेव्हा ही सूरह उतरली, हे किती मुलांना आपण सांगितलं? नबींच्या (स.) पत्नी हजरत खदीजा आणि काका अबू तालिब गेले, ते वर्ष तर दुःखाचं साल म्हणूनच ओळखलं जातं. उदास झालास म्हणजे ईमान कच्चं, असं म्हणून पोरांना गप्प बसवणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

दर रविवारी जोहरच्या (दुपारच्या) नमाजनंतर मकतबच्या खोलीत प्रशिक्षित समुपदेशक बसवायचं ठरलंय. मुलींसाठी वेगळी वेळ आणि महिला समुपदेशक. मूल काय बोललं ते कमिटीलाही कळणार नाही. जिवाला धोका दिसला तरच पालकांना सांगितलं जाईल. मौलाना आणि आपांनाही (शिकवणाऱ्या बायकांनाही) लक्षणं ओळखायचं शिक्षण मिळेल.

मानधनासाठी लिल्लाह (स्वखुशीच्या दानाची) रक्कम हवी आहे. यासाठी जकात (ऐपतदारांवर फर्ज असलेलं दान) देऊ नका, ती तिच्या हक्कदारांकडेच जाऊ दे. शंभर रुपयेही चालतील, पावती मात्र मागून घ्या. समुपदेशक, डॉक्टर कोणत्याही धर्माचे असोत, महिन्यातला एक रविवार दिला तरी मोठी मदत होईल. शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं ते पोरांची राहण्या-जेवणाची अडचण ओळखून. आताची अडचण डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर मशिदीच्या ऑफिसात भेटा. घरातलं मूल आजच बेचैन असेल तर रविवारपर्यंत थांबू नका. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं.

मशीद व मकतब कमिटी, कोल्हापूर